न्हाणीचं पाणी जातं कुठं?

मैत्रिणींनो, एक प्रश्न विचारते, रागावू नका. आज सकाळी तुम्ही भांडी घासलीत, कपडे धुतलेत, मुलांच्या आंघोळी उरकल्यात. ते सगळं पाणी गेलं कुठं? तुम्ही म्हणाल, "हा काय प्रश्न झाला? मोरीत गेलं!" खरं आहे. पण मोरीतून पुढं कुठं? इथं आपण बहुतेकजणी गप्प होतो. शहरात मोरीच्या जाळीखाली गेलेलं पाणी दृष्टिआड होतं आणि दृष्टिआड सृष्टी! मीही लग्नाला बावीस वर्षं होईपर्यंत या प्रश्नाच्या वाटेला गेले नव्हते. तो माझ्यापुढं येऊन उभा राहिला सासरच्या गावी, आणि तोही चांगल्या कडाक्याच्या भांडणातून.

आमचं गाव मराठवाड्यातलं. हजार-बाराशे वस्ती, घराला घर लागलेलं, जमीन काळीभोर. मी नवी नवरी म्हणून गेले तेव्हा पाणी आडावरून आणावं लागे. सकाळच्या खेपा जाऊबाईंच्या आणि संध्याकाळच्या माझ्या. डोक्यावरून आणलेल्या पाण्याची किंमत डोक्यालाच कळते! सासूबाई थेंबाथेंबाचा हिशेब ठेवत. तांदूळ धुतलेलं पाणी म्हशीच्या घमेल्यात, भाजी धुतलेलं कढीपत्त्याच्या बुडाशी, न्हाणीतलं सगळं मागच्या अळूला आणि केळीला. घराबाहेर पाणी म्हणून जातच नव्हतं. गावात गटार नव्हतं आणि त्याची गरजही नव्हती.

मग तीनचार वर्षांपूर्वी दारात नळ आला. जाऊबाईंच्या मानेचं दुखणं थांबलं, त्या दिवशी घरात शिरा झाला. नळाविरुद्ध मी एक शब्दही बोलणार नाही. ज्यांनी कधी खेप घातली नाही त्यांनीच "पूर्वी कसं छान होतं" म्हणावं. पण आलेल्या पाण्याला जायला वाट लागते, हे मात्र नळ जोडताना कुणाच्या ध्यानात आलं नाही.

थोडा हिशेब करू या. केंद्र सरकारची जलजीवन मिशन ही योजना २०१९ साली सुरू झाली. तिच्यात खेड्यातल्या दर माणशी रोज ५५ लिटर पाणी धरलेलं आहे. पिण्यात, स्वयंपाकात थोडं मुरतं. बाकीचं, ढोबळमानानं दोन-तृतीयांश, सांडपाणी होऊन बाहेर पडतं. सहा माणसांचं घर घेतलं तर रोज २२० लिटर, म्हणजे चौदा-पंधरा हंडे मळकं पाणी. आणि हजार वस्तीच्या गावाचं? साडेतीन टँकर! उन्हाळ्यात आपण टँकरची वाट बघत बसतो, आणि इथं साडेतीन टँकर रोज गल्लीत ओतले जातात.

आमच्या घरचं पाणी उताराला लागून शेजारच्या काकूंच्या दारावरून जायचं. काकूंचं म्हणणं काही चुकीचं नव्हतं. त्यांच्या नातवाला रांगायला अंगण उरलं नव्हतं. त्यांनी एक दिवस मातीचा बांध घातला. पाणी उलटं फिरून आमच्या ओट्याखाली तुंबलं, शेवाळ धरलं, आणि एका पहाटे सासूबाई त्यावरून घसरल्या. मनगट मोडलं. सत्तरीतलं हाड ते! ते पुढं कधी नीट बसलंच नाही. आजही त्यांना भाकरी थापता येत नाही. तीस वर्षं एकमेकींकडे विरजण मागायला जाणाऱ्या दोन घरांत बोलणं बंद झालं.

शहाण्या सुनेचा पहिला खड्डा

मी पडले शहरातली, चार पुस्तकं वाचलेली. मी म्हटलं, "हात्तिच्या, त्यात काय? शोषखड्डा खणू या!" भाऊजींनी सुट्टीच्या दिवशी दोन गडी लावले. परसातल्या मोकळ्या कोपऱ्यात कमरेइतका खड्डा झाला, त्यात विटांचे तुकडे भरले, वरून माती लोटली आणि मोरीचा पाइप सोडून दिला. पाणी दिसेनासं झालं. मी ऐटीत शहराकडे परतले.

आठ महिन्यांत खड्डा भरला. खरकट्यातली शितं, तेल, साबणाची साय, राखेचा आणि भांड्यांच्या पावडरीचा गाळ यांनी विटांमधली जागा लिंपून टाकली. खाली काळी माती. ती ओली झाली की फुगते आणि पाणी खाली जाऊ देत नाही. एवढं आमच्या मामंजींना ठाऊक होतं, पण त्यांना विचारलं कुणी? पाण्यानं मग आडवी वाट धरली. तो मोकळा कोपरा नेमका काकूंच्या मागच्या भिंतीला लागून होता. मातीची भिंत! पावसाळ्यात ती गुडघ्याइतकी ओलावली आणि पोपडे धरून सुटू लागली. संक्रांतीला जाऊबाईंनी बोलावणं पाठवलं, पण काकू हळदीकुंकवाला आल्या नाहीत. ती वाण घेतलेली वाटी कितीतरी दिवस फडताळात तशीच होती. जाऊबाई मला टोचून काही बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

मैत्रिणींनो, अर्धवट शहाणपणानं काय होतं ते मी अशी शिकले.

नांदेडकडची रीत

खरी रीत शिकवली ती एका गवंड्यानं. ते नांदेड जिल्ह्यात काम करून आलेले होते. तिथल्या हिमायतनगर तालुक्यात टेंभुर्णी नावाचं गाव आहे. त्या गावानं उघडी गटारं बंद केली आणि घरोघरी शोषखड्डे घेतले. गल्ल्या कोरड्या पडल्या, डास हटले. हे पाहून २०१५-१६ च्या सुमारास नांदेड जिल्हा परिषदेनं गावोगावी हे काम काढलं. 'नांदेड पॅटर्न' म्हणून ते महाराष्ट्रभर गाजलं आणि रोजगार हमीच्या कामांतही बसवलं गेलं. लोक त्याला 'जादूचा खड्डा' किंवा 'मॅजिक पिट' म्हणतात. जादूबिदू काही नाही. आपल्या चहाच्या गाळण्याचीच अक्कल त्यात आहे!

माझ्या खड्ड्यात गाळ आणि पाणी दोन्ही एकदमच आत जात होतं. या खड्ड्यात गाळ आधी मागं राहतो. कसा ते सांगते. चार फूट लांब, चार फूट रुंद, चार फूट खोल असा खड्डा. तळाला मोठे दगड. मधोमध सिमेंटची एक नळकांड्यासारखी टाकी, साधारण अडीच-तीन फूट उंचीची, बूड बंद आणि वरच्या काठाखाली चार भोकं. मोरीचा पाइप या टाकीत सोडायचा. टाकीत पाणी संथ होतं, जड गाळ तळाशी बसतो, आणि वरचं निवळलेलं पाणी तेवढं भोकांतून बाहेर पडून भोवतालच्या दगडांत झिरपतं. टाकीच्या चारही बाजूंना दगड, खाली मोठे, वर लहान होत जाणारे. त्यावर गोणपाट किंवा जाड प्लॅस्टिक, म्हणजे वरची माती दगडांत उतरत नाही, आणि मग माती. टाकीचं झाकण मात्र वर मोकळं हवं, घट्ट बसणारं. झाकणाला फट राहिली की आपण डासांसाठी छान बंगलाच बांधला म्हणून समजा.

दगडांच्या फटींत आणि मातीत सूक्ष्म जंतू असतात. निवळलेल्या पाण्यात उरलेली घाण ते खातात. जमिनीत जितकी हवा, तितकं त्यांचं काम चांगलं. म्हणून खड्डा सतत भरून वाहता नको, मधे मधे रिकामा व्हायला हवा. आपल्या पोटासारखंच आहे की नाही?

आमच्याकडे गवंड्यांनी पहिलीच अट घातली ती मातीची. "काळी माती संपून मुरूम लागल्याशिवाय मी थांबणार नाही," म्हणाले. आमच्या परसात मुरूम लागायला साडेपाच फूट जावं लागलं. गड्यांनी कुरकूर केली, भाऊजींनीही केली. पण पाणी मुरतं ते मुरमात. दुसरी अट भिंतीची: कुणाच्याच भिंतीजवळ नको, ना आपल्या ना दुसऱ्याच्या. आणि तिसरी आडाची. पिण्याच्या पाण्याचा आड, विहीर, हातपंप यांपासून निदान १० मीटर, म्हणजे तीस-पस्तीस फूट तरी लांब. जमिनीत पाणी वर असलेल्या भागात, कोकणासारख्या, पावसाळ्यात दोन हातांवर पाणी लागतं. तिथं हा खड्डा घेऊच नये. तिथं उथळ चर काढून त्यावर केळी, कर्दळ, अळू लावावेत. ही झाडं पाण्याची मोठी अधाशी.

आणखी एक गोष्ट. संडासाचं पाणी या खड्ड्यात मुळीच सोडायचं नाही, आणि न्हाणीचं पाणी संडासाच्या खड्ड्यात सोडायचं नाही. पुष्कळ ठिकाणी "एकाच पाइपात काम होतंय ना?" म्हणून दोन्ही जोडून देतात. मग संडासाचा खड्डा साबणाच्या पाण्यानं भरून जातो आणि आतली घाण कुजून खत होण्याचं काम थांबतं.

संडासाच्या दोन खड्ड्यांची गोष्ट

संडासाचा विषय निघालाच आहे तर तोंडाला पदर न लावता बोलू या. खेड्यासाठी सर्वांत शहाणपणाचा संडास दोन खड्ड्यांचा. एक भरला की तो बंद करायचा आणि दुसरा चालू करायचा. बंद केलेला दीड-दोन वर्षं तसाच ठेवला की आत कोरडं, मातीसारखं खत होतं. वास नाही, किळस नाही. शेतात टाकता येतं. 'सेप्टिक टँक' म्हटलं की लोकांना मोठेपण वाटतं, पण त्यातून बाहेर पडणारं पाणी शुद्ध नसतं बरं का! त्याला पुढं शोषखड्डा लागतोच. तुमच्या शहरातल्या बंगल्याच्या मागं जाऊन एकदा बघा, टाकीचा तो दुसरा पाइप कुठं सोडलाय. उघड्या गटारात सोडलेला असेल तर खेड्यातल्या लोकांना नावं ठेवायला आपल्याला तोंड नाही.

या कामामागं आपल्याच महाराष्ट्रातली मोठी माणसं आहेत. कोकणातले अप्पासाहेब पटवर्धन जन्माचे ब्राह्मण, शिकलेले. त्यांनी भंगीकाम स्वतःच्या हातानं केलं, आणि कणकवलीजवळ गोपुरी आश्रम काढून खेड्याला परवडतील असे संडास आणि मैल्याचं सोनखत यांचे प्रयोग केले. पुढं १९६० च्या सुमारास डॉ. सुहास मापुसकर नावाचे तरुण डॉक्टर पुण्याजवळच्या देहूत सरकारी आरोग्य केंद्रावर रुजू झाले. तुकोबांचं देहू! जुलाब, जंत, तेच तेच रोगी फिरून फिरून दारात येताना बघून त्यांनी ठरवलं की औषधाआधी संडास बांधायचे. त्यांनी बांधलेले पहिले संडास पावसाळ्यात कोसळले. (हे वाचलं तेव्हा मला माझ्या खड्ड्याबद्दल थोडं हायसं वाटलं, खोटं कशाला बोलू!) ते खचले नाहीत. अप्पासाहेबांकडून शिकले, नव्यानं बांधत राहिले, आणि देहूतल्या घरांना संडास देत देत सगळी हयात त्यांनी यातच घालवली. मैल्यापासून गॅस काढणारी 'मलप्रभा' संयंत्रंही त्यांनी उभी केली. २०१५ साली ते गेले, आणि २०१७ साली त्यांना मरणोत्तर पद्मश्री मिळाली.

त्याच २०१७ साली पंजाबच्या संत बलबीरसिंग सीचेवाल यांनाही पद्मश्री मिळाली, तीही पाण्याच्याच कामासाठी. त्यांच्या सीचेवाल गावात घरोघरचं सांडपाणी बंद नळांनी गावाबाहेर नेतात. तिथं ते तीन विहिरींसारख्या टाक्यांतून फिरतं. गाळ तळाशी राहतो, तेल आणि फेस वर राहतो. मग ते मोठ्या तळ्यात उन्हाला पडतं आणि शेवटी पिकांना जातं. जिथं घरं इतकी दाट आहेत की परसच नाही, तिथं असा सामाईक मार्गच धरावा लागतो. आमच्या गावच्या खालच्या आळीतही तसंच आहे. तिथल्या बायका म्हणतात, "तुमच्याकडे परस आहे म्हणून तुम्ही खड्डे खणता, आम्ही काय चुलीखाली खणू?" बरोबरच आहे त्यांचं. ग्रामसभेत हा विषय त्यांनी मांडला आहे. तिथं पाण्याविषयी पुरुष बोलतात आणि पाणी वापरतात बायका. यावेळी मात्र खालच्या आळीतल्या चौघीजणी ग्रामसभेत पुढच्या ओळीत बसल्या होत्या.

डासांविषयी दोन शब्द

गटाराच्या घाण पाण्यात वाढणारा क्यूलेक्स जातीचा डास हत्तीपाय पसरवतो. चंद्रपूर, गडचिरोली, नागपूरकडच्या बायकांना हे सांगायला नको. पाय सुजलेली एखादी आजी त्यांनी पाहिलेलीच असते. अंड्यापासून उडता डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. तेव्हा डबकंच राहू द्यायचं नाही, हा खरा उपाय. पण शोषखड्डा झाला म्हणून निश्चिंत बसू नका. डेंगीचा डास पक्का सोवळ्यातला, त्याला स्वच्छ पाणी लागतं! रांजण, पिंप, कूलर, कुंडीखालची बशी, ही त्याची घरं. ती आठवड्यातून एक दिवस रिकामी करून, घासून, कोरडी करून मगच भरायची. नुसतं पाणी ओतून देऊ नका, अंडी भांड्याच्या आतल्या बाजूला चिकटलेली असतात.

आता आपल्या हातातलं

खड्डा कितीही चांगला असला तरी त्याचं आयुष्य ठरतं ते मोरीत. ताटातलं खरकटं आधी हातानं काढून कोंबड्यांना किंवा खतात टाकावं. कढईचं तेल जुन्या कागदानं किंवा राखेनं पुसून घ्यावं, मग घासावी. मोरीच्या तोंडाशी बारीक जाळी ठेवावी आणि ती रोज झटकावी. कपड्यांची पावडर आपण सवयीनं जास्त टाकतो. निम्मीनं कपडे तितकेच निघतात, करून बघा. पावडरीचं पाणी अळूला रोज घालू नये, त्यातल्या क्षारांनी माती कडक होते. अंगाच्या साबणाचं न्हाणीचं पाणी चालतं.

यावरून आठवलं. नवा खड्डा झाला, गल्ली वाळली, सगळे खूश झाले, फक्त सासूबाई सोडून. "माझं अळू वाळलं की गं!" सगळं पाणी जमिनीत गेलं होतं, अळूला काय मिळणार? मग पुन्हा पाइप तोडला. न्हाणीचं पाणी पहिल्यासारखं अळूला आणि केळीला, भांड्यांचं आणि कपड्यांचं तेवढं खड्ड्यात. खड्ड्यावरचा भारही निम्म्यानं कमी झाला. आधी त्यांना विचारलं असतं तर पाइपचे पैसे वाचले असते.

काकूंची भिंत भाऊजींनी लिंपून दिली. जुना खड्डा मुरूम टाकून बुजवला. काकू लगेच काही बोलू लागल्या नाहीत. इतक्या सहज विसरण्यासारखं ते नव्हतंच. पण गेल्या श्रावणात त्यांच्या सुनेनं कुंपणावरून विचारलं, "ती टाकी कुठनं आणली हो?" तेव्हा जाऊबाई स्वतः जाऊन खड्ड्याची जागा दाखवून आल्या.

एक गोष्ट सांगायची राहिलीच. टाकीतला गाळ दर दोनतीन महिन्यांनी काढावा लागतो. तो काढला नाही तर जादूचा खड्डाही माझ्या पहिल्या खड्ड्याच्याच वाटेनं जातो. हे काम कुणाचं? घराघरांत ते न बोलता सुनेच्या गळ्यात पडतं. आमच्या जाऊबाईंनी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं, "खड्डा तुम्ही खणला, गाळही तुम्हीच काढायचा." भाऊजी हसले, त्यांना वाटलं चेष्टा आहे. या दिवाळीत मी गेले तेव्हा वसुबारसेच्या आदल्या दिवशी ते गुडघ्यापर्यंत लेंगा दुमडून झाकणाशी वाकले होते, आणि जाऊबाई उंबऱ्यात करंज्या भरत मोजत होत्या, "ही तिसरी बादली. अजून दोन निघतील."